दोन पुरुष आणि एक प्रेमकथा

रसायनीच्या कारखान्यांना लागून असलेल्या मोहोपाड्याच्या बाजारपेठेंत एखादा विद्यार्थी हातांतील भ्रमणध्वनीवर जपानी चित्रकथा वाचतांना दिसला, तर आज कोणास नवल वाटणार नाहीं. त्या कथांपैकीं कांहींत नायक पुरुष असतो आणि नायिकेच्या जागींही पुरुषच असतो. त्यांचें रुसणें, गैरसमज आणि अखेरचें मनोमीलन वाचून वाचक हंसतो. घरांतील वडीलधाऱ्यांस हें परदेशी खूळ वाटतें. परंतु ज्या समाजाच्या पणजोबांनीं पुण्यामुंबईस संगीत नाटकें डोक्यावर घेतलीं, त्या समाजाला हें दृश्य सर्वस्वीं अपरिचित आहे असें म्हणतां येणार नाहीं.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं इ.स. १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें. अर्जुन-सुभद्रेची ही कथा म्हणजे निखळ प्रेमविनोद. बलरामानें बहिणीचें लग्न दुर्योधनाशीं ठरविलेलें, अर्जुनानें संन्याशाचें सोंग घेतलेलें, आणि कृष्ण पडद्याआडून सूत्रें हालवीत असलेला. यांत सुभद्रा होत असत भाऊराव कोल्हटकर. पुढें तीच भूमिका बालगंधर्वांनीं गाजविली. अर्जुनही पुरुष, सुभद्राही पुरुष! त्या सुभद्रेच्या विरहानें प्रेक्षक व्याकूळ होत आणि तिच्या भाबडेपणावर प्रेमानें हंसत. बालगंधर्वांच्या नेसण्याचें आणि वेणीफणीचें अनुकरण तर चांगल्या घरच्या स्त्रिया करीत.

या परंपरेचा कळस झाला तो ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत. टिळक स्वराज्य फंडासाठीं गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनीं मिळून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा प्रयोग केला. धैर्यधर गरीब म्हणून भामिनी त्याला झिडकारते. मग तीच वनमालेच्या वेषांत त्याच्याजवळ जाते आणि मानी मुलीचा मान प्रेमापुढें गळून पडतो. भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर होते केशवराव भोसले. विशेष हें कीं, केशवरावांचीही कीर्ति आरंभीं स्त्रीभूमिकांवरच उभी राहिली होती. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहींत तोंच केशवराव निवर्तले. पण त्या रात्रीची आठवण महाराष्ट्रानें जपून ठेवली.

मात्र येथें एक भेद विसरतां कामा नये. प्रेक्षकांनीं टाळ्या दिल्या त्या भामिनीच्या प्रेमाला. शालूच्या आंतील पुरुषाच्या प्रेमाला नव्हे. शालू होता म्हणून शृंगार शोभला. शालू बाजूस ठेवून एक पुरुष दुसऱ्यावर प्रेम करतो असें कोणी दाखविलें असतें, तर तेंच नाट्यगृह कोपलें असतें किंवा कुचेष्टेनें हंसलें असतें.

जपानांतही रंगभूमीचा इतिहास याच वळणानें गेलेला आहे. काबुकी नाटकांत स्त्रियांना इ.स. १६२९ मध्यें बंदी झाली आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची मोठी परंपरा निर्माण झाली. तेथील चित्रकथांनीं मात्र तो पडदा दूर केला. मोतो हागिओ हिची ‘थॉमसचें हृदय’ ही कथा १९७४ सालची. केइको ताकेमिया हिची ‘वारा आणि झाडें यांचें गीत’ १९७६ पासूनची. दोघीही स्त्रिया, वाचकवर्ग बहुतेक मुलींचा, आणि कथा दुःखाच्या. हास्य हळूहळू आलें. २००७ पासून फुमि योशिनागा हिनें ‘काल काय जेवलात?’ ही मालिका लिहिली. तींत एक काटकसरी वकील आणि एक मोकळ्या मनाचा केशकर्तनकार एका घरांत राहतात. वकील रोज सायंकाळीं स्वस्त भाजी शोधतो, स्वयंपाक करतो. कचेरींत मात्र आपलें घर लपवितो. दोघांची कुरबुर, आणि मग जेवण. येथें विनोद आहे तो संसाराचा. माणसाच्या प्रेमाची थट्टा नाहीं.

आपल्याकडे १९३२-३३ च्या सुमारास बोलपट आले, ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रियाच स्त्रीभूमिका करूं लागल्या, आणि स्त्रीपार्टी नटाचें युग मावळलें. त्या नटाचें पुढें काय झालें, हा प्रश्न सतीश आळेकर यांनीं १९७९ मध्यें ‘बेगम बर्वे’ या नाटकांत विचारला. नाटक कंपनींत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे उदबत्त्या विकून पोट भरतो. जावडेकर नांवाचा एक कारकून त्याच्यांत आपल्या कचेरींतील बाई पाहतो आणि दोघे मनांतल्या मनांत संसार थाटतात. डोहाळजेवणापर्यंत मजल जाते. प्रेक्षक हंसतो, आणि स्वप्न मोडतें तेव्हां त्याला आपल्या हंसण्याची लाज वाटते.

इ.स. १८६० च्या दंडसंहितेनें ज्या संबंधांस गुन्हा ठरविलें होतें, ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीनें असल्यास गुन्हा नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला. कायद्याचा पडदा सरला. लोकांच्या नजरेचा सरावयास वेळ लागतो. हंसण्याचे दोन प्रकार आहेत. एक माणसाला पंगतींत घेतो, दुसरा पंगतींतून उठवितो. बालगंधर्वांच्या भामिनीबरोबर महाराष्ट्र पहिल्या प्रकारें हंसला. मोहोपाड्याच्या बाजारांतील तो विद्यार्थी आपल्या चित्रकथेंतील वकिलाबरोबर कसा हंसतो, आणि उद्यां शेजारच्या घरांतील तशाच माणसाला पाहून कसा हंसेल, यावर पुष्कळ अवलंबून आहे.