कंदील धर, शिडी सांभाळ

पॉम्पेईत मध्यरात्र उलटून गेली आहे. तुमच्या एका हातात कंदील, दुसऱ्या हातात शिडी. वर चढलेला रंगारी खेकसतोय, "अरे, शिडी धर नीट!" हे खेकसणं इतकं रोजचं की याच रस्त्यावर कुणीतरी गंमत म्हणून ते भिंतीवर रंगवूनच ठेवलंय.

रोमन सम्राट व्हेस्पासियनचं राज्य आहे. मार्चमधल्या नगर-निवडणुका तोंडावर आल्यात. दिवसा या रस्त्यावर खेचरं, हमाल आणि गिऱ्हाइकांची एवढी दाटी असते की शिडी लावायला जागाच नाही. म्हणून काम रात्री. चुना मारणारा आधी येऊन गेलाय. मागच्या वर्षीचा उमेदवार त्या पांढऱ्या थराखाली गेला. आता त्यावर लाल रंगात नवं नाव चढतंय, लांबून दिसेल अशा टोलेजंग अक्षरांत. मग पद. शेवटी "याला निवडून द्या ही विनंती" एवढ्यासाठी फक्त तीन आद्याक्षरं. रंग वाचतो, आणि वाचणाऱ्यांना पाठच असतं.

जाहीरनामा, आश्वासनं यांची तुम्ही वाट बघाल तर फसाल. तसलं इथं जवळजवळ काहीच नसतं. गायस ज्युलियस पॉलिबियस या उमेदवाराच्या एका जाहिरातीत तो चांगला पाव देतो असं लिहिलंय, पण असं ठोस काही विरळाच. बाकी सगळा भर शिफारशीवर. फळवाले, खेचरवाले, सोनार, परीट, नाव घालून शेजारीपाजारी. कोपऱ्यावरच्या असेलिनाच्या खानावळीच्या भिंतीवर खुद्द तिचं नाव आहे, शिवाय एग्ली, मारिया, झ्मिरिना यांचीही. यातल्या एकीलाही मत नाही. तरी त्यांच्या शब्दाला गल्लीत वजन असल्याशिवाय कुणी रंग खर्च केला नसता.

शिडी पुढं सरकवा. इथं कंदील जरा वर धरा, कारण हे वाचण्यासारखं आहे. मार्कस सेरिनियस वाटिया एडाइलपदासाठी उभा आहे. म्हणजे रस्ते, बाजार आणि सार्वजनिक इमारती बघणारा अधिकारी, वर्षाला दोन निवडतात. त्याला पाठिंबा कुणाचा? रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा. दुसऱ्या एका भिंतीवर भुरट्या चोरांचा. तिसरीकडे झोपाळूंचा! विरोधकांनी केलेली ही बदनामी असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला मात्र त्यात वाटियाच्या दोस्तांचा वात्रटपणाही दिसतो. गुत्त्यातून उठलेल्या टोळक्याच्या हाती ब्रश लागला की असंच काहीतरी व्हायचं.

रंगाऱ्यांनाही स्वतःचं नाव लिहायची हौस. एक जुनी जाहिरात अजून भिंतीवर टिकून आहे: ग्लॅडिएटरच्या 20 जोड्या, आयोजकाच्या मुलाकडून आणखी 10, जनावरांची शिकार, आणि उन्हासाठी वर कनात. खाली एमिलियस सेलर सही करतो आणि बजावतो की हे त्यानं एकट्यानं, चांदण्यात लिहिलं. त्याच्याकडे कंदील धरायला कुणी नव्हतं, हे तो विसरायला तयार नाही. दुसऱ्या एका जागी हाच सेलर अक्षरं पुसणाऱ्याला आजारी पडशील असा शाप देऊन मोकळा होतो.

याच रस्त्यावर एक साधं घर आहे. दार बंद आहे, पण आत कुठंतरी हस्तिदंताची एक बाई उभी आहे: उंची जेमतेम 24 सेंटीमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ती इथं घडलेली नाही. 1938 मध्ये ती ज्वालामुखीच्या राखेतून वर आली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. पुढं ती यक्षी असावी असं मत रुजलं. जालन्याजवळच्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला तिच्या बहिणी शोभाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत. म्हणजे तुम्ही शिडी धरून उभे आहात तिथून हाकेच्या अंतरावर बहुधा कुणीतरी आपल्याकडची आहे.

चला, अजून बऱ्याच भिंती उरल्यात. एकूण अडीच हजारांहून जास्त अशा जाहिराती या शहरात पुढं सापडणार आहेत, आणि यातल्या एकाही पदाला पगार नाही. उलट निवडून आलेल्यालाच खिशात हात घालावा लागतो. ऑगस्टसच्या काळातल्या ऑलस क्लोडियस फ्लॅकसच्या थडग्यावर हिशेब कोरलेला होता. शहराचं सर्वोच्च पद पहिल्यांदा मिळालं तेव्हा त्यानं बैल आणले, बैलांशी झुंजणारे आणले, मुष्टियोद्धे आणले, पायलॅडीस हा नावाजलेला मूकनट बोलावला, आणि वर शहराच्या तिजोरीत 10,000 सेस्टर्स भरले. एवढं करून गडी एकूण तीनदा त्या पदावर बसला.