पाच सेलचा टॉर्च, राखेची पुरचुंडी आणि माणूस एक

आमच्या घराच्या ओसरीवर चितळाची शिंगं आहेत. माझ्या जन्माच्या आधीपासून. लहानपणी मी त्यांना दप्तर अडकवायचो. गेल्या वर्षी बाबांना कुणीतरी सांगितलं, की ही शिंगं रीतसर परवान्यावर मारलेल्या जनावराची आहेत हे दाखवता आलं नाही, तर उगाच भानगड होईल. बाबा शिक्षक होते. भानगड या शब्दालाच घाबरतात. त्यांनी मला आजोबांची ट्रंक उघडायला लावली. परवाना शोधायचा होता.

परवाना सापडला नाही. सापडली ती धानाच्या हिशेबाची वही. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक यादी होती. वर तारीख, एप्रिल १९५८. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि पहिल्यांदा शिकारीला निघाले होते.

यादी अशी: दुनळी (मागून आणणे). एल. जी. काडतुसे ६, गोळीची २. टॉर्च पाच सेलचा, सेल नवे. क्रेपचे बूट. सुरी. घोंगडी. गूळ, फुटाणे, पोहे. पाण्याचा तुंबा. राख. आणि सगळ्यात शेवटी, माणूस १, रोज १ रुपया.

मी फोनवर फोटो काढून एका मित्राला पाठवला. त्याने लिहिलं, ‘ट्रेकची पॅकिंग लिस्ट आहे का?’ तशी ती होतीच म्हणा. पण एकेका वस्तूमागे काय आहे ते शोधत गेलो, तसा आमच्या जिल्ह्याचा एक भलताच इतिहास हाती आला.

आधी एक सांगतो. १९५८ साली गोंदिया जिल्हा नव्हता. तो भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. आणि १९५८ साली महाराष्ट्रही नव्हता. आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. जंगलाची शिस्त मात्र जुनीच, साहेबाने घालून दिलेली. राखीव जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले, ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा, फी भरायची, कुठल्या जातीचे किती प्राणी मारायचे ते परवान्यावर लिहिलेलं. हरणात फक्त नर मारायचा, तोही पक्क्या शिंगांचा. मादीला हात लावायचा नाही. ही शेवटची अट ध्यानात ठेवा.

आता बंदूक. आजोबांनी ती मागून आणली, कारण आपल्याकडे बंदूक ही कधीच नुसती वस्तू नव्हती. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली. ती सूट पुढे चाळीसेक वर्षं टिकली. त्यामुळे आमच्याकडे बंदूक असायची ती मालगुजाराकडे, एखाद्या जमीनदाराकडे, नाहीतर गावातल्या कुणाकडे जुनी ठासणीची. १९४०च्या दशकात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली आणि रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून बंदुकांचे परवाने सुटले. पीक राखायची बंदूक आणि शिकारीची बंदूक, दोघींचा घोडा सारखाच दबतो. आजोबांनी मागून आणलेली दुनळी अशीच पीक राखणारी होती.

ती चितळासाठी योग्य होती का? या प्रश्नाचं उत्तर आमच्याच सातपुड्याच्या पायथ्याशी शंभर वर्षं आधी दिलं गेलं होतं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी १८६०च्या दशकात मध्य प्रांतात फिरला. त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली आलं, आणि त्याच साली तो वारला. त्याच्या आधी त्याने एक अख्खं पुस्तक निव्वळ शिकारी रायफल आणि तिच्या गोळीवर लिहिलं होतं. म्हणजे बघा, हत्यार कोणतं निवडावं यावर माणसं तेव्हाही आपल्यासारखाच काथ्याकूट करत. फरक इतकाच की आपण फोनच्या कॅमेऱ्यावर करतो. त्या काळी काळी दारू होती. बार झाला की समोर धुराचा पडदा, आणि जनावर पडलं की पळालं ते धूर विरेपर्यंत कळायचं नाही. १८९०च्या दशकात बिनधुराची दारू आली, गोळ्या बारीक आणि वेगवान झाल्या आणि चांगली रायफल दूरवरून एका गोळीत काम करू लागली.

पण रायफल साहेबाकडे, संस्थानिकाकडे. गावाकडे बारा बोअर. तिच्यात एल. जी.चं काडतूस घातलं की मोजकेच पण वाटाण्याएवढे छर्रे सुटतात. पंचवीस-तीस पावलांवर ते चितळाला जाग्यावर पाडतात. साठ पावलांवर ते पसरतात. दोन लागतात, बाकीचे चुकतात, आणि जनावर ते दोन अंगात घेऊन पळतं. बंदूक उचलण्याआधी अंतर मोजायचं, हा पहिला धडा. तो आजोबांनी नंतर शिकला.

टॉर्चचं प्रकरण त्याहून वाईट. यादीत त्याच्यापुढे ‘सेल नवे’ असं अधोरेखित केलंय. विजेरीच्या झोतात चितळाचे डोळे काजव्यासारखे पेटतात आणि ते जागच्या जागी थिजतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या विक्रीला निघाल्या. त्यांच्यावर झोताचे दिवे लावून रात्री जंगलातल्या रस्त्यांनी गोळ्या घालत जायची टूम देशभर निघाली. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हरणांचे कळपच्या कळप असे गेले. डनबार ब्रँडर या मध्य प्रांतातल्या वनाधिकाऱ्याने १९२३ सालीच आपल्या पुस्तकात इथल्या प्राण्यांची बारकाईने नोंद करून ठेवली. तिच्यासमोर पुढच्या पन्नास वर्षांचं चित्र ठेवलं तर ती नोंद मृत्युपत्रासारखी वाटते. पाच सेलचा टॉर्च ही त्या जीपची गरीब बहीण. हे आजोबांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी तो नवलाईचा, महागडा आणि मिरवण्याजोगा असणार.

त्यांनी चैत्र निवडला, त्यालाही कारण आहे. चैत्रात मोह गळतो. रात्रभर फुलं टपटप पडतात, पहाटे गावच्या बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात. त्याआधी चितळ येतं, अस्वलही येतं. मोहाच्या जवळ मचाण बांधायचं, बार करायचा तो अंधारात, आणि झुंजुमुंजू झालं की बंदूक मोकळी करून ठेवायची, कारण झाडाखाली हलणारी सावली आता कुणाची तरी आई असू शकते. हे नियम कुठल्या पुस्तकातले नाहीत. ते सांगितले ‘माणूस १’ने.

तो शेजारच्या टोल्यावरचा गोंड म्हातारा. आजी त्यांना मामा म्हणायची, आजोबाही. पण यादीत ते माणूस एक आहेत, पोहे-फुटाण्यांच्या खाली. मला वाईट वाटलं, मग रागही आला, आणि मग मी साहेबांची पुस्तकं चाळली. तिथेही तेच. रॉबर्ट स्टर्नडेलने शेजारच्या सिवनीच्या जंगलावर १८७७ साली पुस्तक लिहिलं. पुढे किपलिंगला मोगलीच्या गोष्टींसाठी जी सिवनी मिळाली, ती अशा पुस्तकांतूनच. या सगळ्या लिखाणात माग काढणारा, वारा ओळखणारा, जखमी वाघामागे झुडपात आधी शिरणारा गोंड नाहीतर बैगा पानोपानी आहे. पण फोटोत मेलेल्या जनावरावर पाय ठेवून उभा असतो तो दुसराच.

यादीतली राख मामांची. चुलीतली, वस्त्रगाळ केलेली, फडक्याच्या पुरचुंडीत. पुरचुंडी चिमटीत हलकेच दाबली की राख उडते आणि वारा कुठून कुठे वाहतोय ते दिसतं. चितळाचं नाक तुमच्या बंदुकीहून लांबचं असतं. सगळ्या यादीत फुकट असलेली आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच. तुंबाही त्यांचाच: वाळलेल्या भोपळ्याचा, पाणी गार ठेवणारा आणि फांदीला आपटला तरी पत्र्यासारखा खणखण न वाजणारा. बुटांकडे बघून मामा म्हणाले होते ते आजीला अजून पाठ आहे: “बंदुकीचा का घेऊन बसलास बाबू? पयले पाय सांभार.” वाळलेल्या सागाच्या पानांवर क्रेपचा बूटही वाजतो. मामा अनवाणी.

त्या रात्री काय झालं ते आजीने मला मागच्या दिवाळीत सांगितलं. आजोबांनी तिला एकदाच सांगितलं होतं. मध्यरात्रीनंतर मोहाखाली डोळे चमकले. मामांनी हाताने खूण केली, थांब. शिंगं दिसत नव्हती. आजोबांनी झोत धरला आणि दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. जनावर पळालं. उजाडल्यावर रक्त सापडलं. मामा माग काढत निघाले, आजोबा मागे. दुपारी ओढ्याच्या वाळूत ठसे मिळाले, पुन्हा हरवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. ती मादी होती, हे मामांनी पहिल्या ठशावरूनच ओळखलं होतं, पण बोलले नाहीत. सापडली नाही.

मला वाटलं होतं की इथे आजोबांनी बंदूक टाकली असेल. गोष्टीत तसं होतं. प्रत्यक्षात त्याच वहीत मागे दुसरी यादी आहे, जानेवारी १९६०ची. बंदुकीच्या जागी रायफल (मागून आणणे, पुन्हा). काडतुसे फक्त तीन. टॉर्च लिहिलाय आणि त्याच्यावर काट मारलीय. शेवटी ‘माणसे २ (पैकी मामा)’. जखमी जनावराचा माग काढायला एक जास्तीचा माणूस. ओसरीवरची शिंगं या दुसऱ्या खेपेची. दिवसाउजेडी, पायी, एका गोळीत. त्यानंतर वहीत फक्त धान आहे.

मग काळ झपाट्याने बदलला. १९७०मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्राणी मारायची सोय उरली होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. नवेगाव बांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आले, आणि माधवराव पाटलांसारखा, एकेकाळी बंदूक घेऊन हिंडलेला, या तळ्याचा पक्षी न् पक्षी ओळखणारा माणूस त्यांना भेटला. चितमपल्लींच्या पुस्तकांत माधवराव जागोजागी आहेत, आणि नावानिशी आहेत. व्यंकटेश माडगूळकरही एके काळचे शिकारी. त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं ते जंगलात नुसतं बसून, बघून. शिकाऱ्याची नजर बंदुकीवाचून किती दूर जाते ते बघायचं असेल तर ते पुस्तक वाचाच. २०१३मध्ये हे सगळं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला.

म्हणून शिकार संपली असं नाही. धानाच्या बांधीभोवती रानडुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेत चितळ मरतं, कधी वाघ मरतो, कधी रात्री पाणी बघायला गेलेला शेतकरीच. त्या तारेला ना अंतर मोजायचं असतं, ना नर-मादी बघायची असते. आजोबांच्या टॉर्चवरची काट मला तिथे आठवते.

या बुद्धपौर्णिमेला मी पहिल्यांदा मचाणावर बसलो, वनविभागाच्या निसर्गानुभवात. मीही यादी केली: मळखाऊ रंगाचा शर्ट, पाणी, दशम्या, चादर, दुर्बीण. अत्तर, टॉर्च, फ्लॅश नाही. पुरचुंडीत राख घेतली, मित्र हसला. अकराच्या सुमारास पाणवठ्यावर चितळं आली, सोळा. राख माझ्याकडून पाण्याकडे उडत होती. एका मादीने मान वर केली, पाय आपटला, आणि क्षणात पाणवठा रिकामा. माझ्या नोंदवहीत सोळा, मचाणावरच्या वनमजुरांच्या वहीत अठरा. त्यांचं नाव मी विचारून घेतलं आणि माझ्या वहीत पहिल्या ओळीत लिहिलं. इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

परवाना मिळालाच नाही. बाबांनी शेवटी शिंगं उतरवली, गोणपाटात बांधली आणि वन कार्यालयात द्यायला अर्ज लिहिला. प्राण्याचे वर्णन: चितळ, नर. वर्ष: १९६०. पुरावा म्हणून वहीच्या पानाची झेरॉक्स जोडायची की नाही यावर आमचा बराच वाद झाला, कारण झेरॉक्स जोडली की मागचं पानही कुणी मागू शकतं.

बाबांनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. आजी खाटेवरून ऐकत होती.

“आन् त्या मादीचा का लिवला?”

“तिचं आपल्या घरात काही नाही, आई,” बाबा म्हणाले.