सदलग्यात संक्रांतीचा डबा : तिळाच्या वडीसोबत एळ्ळु-बेल्लही

दूधगंगाकाठचा सदलगा उसाचा भाग. संक्रांतीला पाहुण्यांना द्यायचा डबा इथे घरीच भरलेला बरा. मराठी घरात तिळाची वडी, तर कानडी घरात एळ्ळु-बेल्ल: भाजलेले तीळ, शेंगदाणे, फुटाण्याची डाळ, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे.

वडीला 2 वाट्या तीळ, 1 वाटी दाण्याचा जाडसर कूट, दीड वाटी गूळ, चमचाभर तूप. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचे, करपले की कडू लागतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकून मऊ गोळी झाली की गॅस बंद. तीळ पॉलिशचे नकोत, टरफलातच कॅल्शियम जास्त. पिवळाधमक गूळही टाळावा. रंग उजळायला हायड्रोस पावडर वापरलेली असू शकते. तपकिरी गूळ दिसायला साधा, पण चालतो तोच.

मात्र गूळ कितीही चांगला असला तरी शुगरवाल्यांसाठी तो साखरच. अशा घरी वडीपेक्षा एळ्ळु-बेल्ल द्यावे. त्याला पाक लागत नाही, म्हणून गूळ वेगळ्या पुडीत बांधता येतो. ज्याला हवा त्याने घालून घ्यावा. खवट किंवा बुरशीचे दाणे आधीच निवडून टाकावेत. वडी पुरती गार झाल्यावरच डब्यात भरावी, वाफ कोंडली की ती मऊ पडते.