उजेडाचे रंग आणि शाईचे रंग

संगणकाच्या पडद्यावर झळकणारें हिरवेंगार शेत कागदावर छापून आलें कीं मळकट दिसतें, ही तक्रार आतां घरोघर ऐकूं येते. आणि दोष बहुधा छापखानेवाल्याच्या माथीं मारला जातो. परंतु ज्या भेदामुळें हें घडतें, तो सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं एका चित्रकारानें लिहून ठेविला आहे. याकोब क्रिस्टोफ ल ब्लों हें त्याचें नांव.

१६६७ सालीं फ्रांकफुर्ट येथें जन्मलेला हा गृहस्थ पुढें अॅम्स्टरडॅम, लंडन, पॅरिस असा फिरत राहिला. न्यूटननें इंद्रधनुष्यांत सात रंग मोजले. यानें निळा, पिवळा व तांबडा या तिहींवरच सारी भिस्त ठेविली. तांब्याचा पत्रा दातेरी हत्यारानें सर्वत्र खरबरीत करावा, म्हणजे तो शाई भरपूर धरतो. मग जेथें रंग फिका हवा तेथें घासून गुळगुळीत करावा. असे तीन पत्रे, प्रत्येकास एक शाई, आणि तिहींचे ठसे एकाच कागदावर एकावर एक! सांगण्यास हें सोपें. परंतु गालाच्या लालींत पिवळा किती आणि सावलींत निळा किती, हें सांगणारा कॅमेरा त्या काळीं नव्हता. सारें पृथक्करण केवळ नजरेनें व्हावयाचें.

१७१९ त त्यास इंग्लंडच्या राजाकडून या कृतीची सनद मिळाली. कंपनीहि निघाली, पण असले पत्रे लवकर झिजतात, खर्च भागेना, आणि थोड्याच वर्षांत तिचें दिवाळें वाजलें. या पडत्या काळांत, १७२५ च्या सुमारास, त्यानें ‘कोलोरित्तो’ हें लहानसें पुस्तक काढलें. रंगद्रव्यें एकत्र केल्यास काळा रंग होतो व उजेडाचे रंग एकत्र केल्यास पांढरा, असा स्पष्ट भेद त्यानें त्यांत केला आहे. आमच्या मतें त्याच्या सर्व चित्रांहून ही त्याची मोठी कामगिरी होय. पुढें कांहीं चित्रांस त्यानें काळ्या शाईचा चौथा पत्राहि जोडला. १७४१ त तो पॅरिस येथें वारला.

१८६१ त मॅक्सवेलनें लंडन येथें तांबडा, हिरवा व निळा असे तीन उजेड पडद्यावर एकत्र पाडून रंगीत फीत दाखविली. १८६९ त द्यूको द्यू ओरों या फ्रेंच गृहस्थानें उलट बाजू पुस्तकरूपानें मांडली : तांबडा उजेड गिळणारी हिरवट निळी शाई, हिरवा गिळणारी जांभळट तांबडी व निळा गिळणारी पिवळी. पहिली युक्ति आज संगणकाच्या पडद्यांत आहे, दुसरी छापखान्यांत. (मराठी घरांच्या भिंतींवर मिरविलेलीं रविवर्म्याचीं देवदेवतांचीं चित्रें मात्र या वाटेनें आलेलीं नव्हत. १८९४ त मुंबईस निघालेल्या त्यांच्या छापखान्यांत प्रत्येक रंगास निराळा दगड असे. तिहींत भागविण्याचा हट्ट तेथें नव्हता.)

चित्र पडद्यावरून कागदावर नेणें म्हणजे उजेडाचा हिशेब शाईच्या हिशेबांत मांडणें. तिन्ही शाया एकत्र करून खरा काळा होत नाहीं, तपकिरी राड होते. म्हणून ल ब्लोंचा चौथा पत्रा अद्यापि सुटलेला नाहीं. चारी शाया पूर्ण भरल्यास बेरीज शेंकडा ४०० होते. एवढी शाई कागद पीत नाहीं. वर्तमानपत्राच्या कागदास ती २४० च्या आसपासच ठेवावी लागते. झगझगीत हिरव्या-निळ्याच्या कित्येक छटा तर शाईस मुळींच साधत नाहींत. त्या जवळच्या छटेवर आणून बसवितात. जवळची छटा कोणती हें संगणक सुचवितो, आणि छापखान्यांतला जाणता माणूस नमुन्याचा कागद उजेडांत धरून तें मान्य तरी करतो, नाहीं तर बदलतो.