'किर्लोस्कर'ची पृष्ठरचना : एक टिपण

चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातील विद्यार्थ्यास मासिकाच्या मांडणीचा प्रकल्प देताना 'किर्लोस्कर'चे उदाहरण जवळचे ठरते. कारण ते कारखान्यातच जन्मले. लोखंडी नांगरांसाठी ख्यात असलेल्या, औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार व व्यंगचित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींचे कामही त्यांच्याकडेच होते. परिणामी चित्र हे मजकुराचे केवळ अलंकरण न राहता पानाचा घटक बनले, असे म्हणावे लागते. 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही त्याचीच भावंडे. मात्र ग्रंथालयांत अंकांची बांधणी करताना अनेकदा मुखपृष्ठे व जाहिरातींची पानेच काढून टाकली जातात. मग अभ्यासकाच्या हाती उरतो तो निव्वळ मजकूर.