आजींच्या नातवाची बदली

रायपूरला आल्यापासून रविवारी चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात माझी फेरी असते. परवा तिथे एका आजींनी गाठलं. “नातवाची बदली कार निकोबारला झालीय. तुम्ही होतात ना तिकडे? समुद्र परत येईल का हो?” उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

रायपूरखालचा खडक फार जुना आणि शांत. अंदमान-निकोबारचं तसं नाही. तिथे भारतीय भूपट्टाचा समुद्रतळ पूर्वेकडच्या बर्मा भूपट्टाखाली सरकतो. जिथे तो खाली वळतो तिथे समुद्रात खोल गर्ता आहे. तिच्या पूर्वेला चेपून वर आलेली बेटांची रांग आणि त्याही पलीकडे ज्वालामुखी. खाली गेलेल्या तळातलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि खडक वितळतो. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवरचा बॅरन बेटाचा ज्वालामुखी असाच. दीर्घकाळ गप्प राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

हे सरकणं सलग नसतं. भूपट्ट अडकतात, ताण साठतो आणि एकदम सुटतो. ३१ डिसेंबर १८८१ रोजी तो कार निकोबारजवळ सुटला. लाटांची नोंद मद्रासपर्यंत झाली, पण त्या मीटरभरही नव्हत्या. २६ जून १९४१ च्या भूकंपात सेल्युलर जेललाही तडाखा बसला. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असतं? पुढच्याच वर्षी जपानी आले आणि युद्धापुढे भूकंप विसरला गेला.

मग २६ डिसेंबर २००४. तीव्रता ९.१. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटरची भेग सुटली. इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला आणि दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मात्र मीटरभर उचलला गेला, प्रवाळ उघडं पडून मेलं. कार निकोबारचा हवाई तळ किनाऱ्यालगत होता. हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जण गेले. लिटल अंदमानचे ओंगी लोक मात्र जमीन हलताच उंचावर गेले आणि वाचले. १८८१ ची नोंद आपल्या दप्तरात होती. त्यांच्याकडे वाडवडिलांचं सांगणं होतं.

२००७ पासून हैदराबादहून त्सुनामीचा इशारा मिळतो. पण निकोबारला भेग इतकी जवळ की लाट काही मिनिटांतच येते. तिथे जमिनीचं हलणं हाच इशारा. माझ्या पोस्टिंगमध्ये मीही पहिल्या आठवड्यात मेस पाहिली, धक्का पाहिला. उंचावर जायची वाट पाहिली नाही. ती चूक होती.

तेव्हा आजी, समुद्र परत येईल. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. नातवाला सांगा, पोहोचल्या दिवशी क्वार्टरपासून उंचावर जायची वाट चालून ये. एकदा उजेडात, एकदा अंधारात. आणि जमीन बराच वेळ हलली, तर भोंग्याची वाट न पाहता, सामान न आवरता निघ.