सागरी मत्स्यालयातील पाण्याचा जमाखर्च

प्रवाळ घरी पाळणाऱ्या शौकिनांमध्ये दर पंधरवड्याला पात्रातले दहा ते वीस टक्के पाणी काढून तेथे ताजे खारे पाणी भरण्याचा जो रिवाज आज रूढ झाला आहे, तो दिसतो तितक्या सहजासहजी मनुष्याच्या हाती लागलेला नाही. कारण या विद्येचा आरंभच मुळी पाणी कधी बदलावे लागू नये या आकांक्षेतून झाला.

1846 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे ॲना थिन या बाईंना खडकांवरचे छोटे कठीण प्रवाळ आढळले. वेस्टमिन्स्टर ॲबेतील एका उच्च धर्माधिकाऱ्याच्या या पत्नीने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचून लंडनला नेले, आणि तेथे एक दिवसाआड त्यांचे पाणी बदलण्याची तजवीज ठेवली. परंतु समुद्र दूर आणि आणलेले पाणी मोजके. तेव्हा तेच पाणी पुन्हा वापरण्याजोगे व्हावे म्हणून ते उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहण्याचा उपाय त्यांनी योजिला. हे श्रमाचे काम त्यांच्या घरच्या एका लहान मोलकरणीने केले. तिचे नाव इतिहासाच्या दफ्तरात नाही, पण असावयास हवे होते. पुढच्या वसंतात थिनबाईंनी पाण्यात सागरी वनस्पती सोडल्या, आणि प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

त्यामागील तत्त्व 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने गोड्या पाण्यातील प्रयोगावरून मांडले. दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि कुजका पाला खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्यास वनस्पती प्राणवायू पुरवितात, प्राणी कर्बवायू परत करतात, आणि पाणी बदलण्याचे कारण उरत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. फिलिप हेन्री गॉस याच्या 1854 मधील ग्रंथाने या छंदाचे लोण घरोघरी पोहोचविले. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड याने दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठे अंधारे जलाशय बांधून तेच समुद्रजल अखंड फिरते ठेवले. एवढ्या विपुल पाण्यात मळ विरळ होई, हे लॉइडच्या यशाचे खरे मर्म होय. पण एवढा जलाशय सामान्य गृहस्थाने कोठून आणावा?

वॉरिंग्टनच्या जमाखर्चात एक खातेच मांडावयाचे राहिले होते, ते नत्राचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो अत्यल्प प्रमाणातही घातक असतो. त्याचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर सजीवांकडून घडते, हे 1877 साली श्लेसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखविले. आणि ते अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटपासून नायट्रेट अशा दोन टप्प्यांनी होते, हे रॉथॅमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगांतून ज्याने उलगडले, तो याच वॉरिंग्टनचा पुत्र, त्याचेही नाव रॉबर्ट! पित्याने सोडलेले खाते पुत्राच्या हातून भरले जावे, याहून हृद्य योग शास्त्राच्या इतिहासात मला तरी क्वचितच दिसतो. मत्स्यालयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की, नायट्रेटला प्राणवायूयुक्त पात्रात पुढची वाट बहुधा मिळत नाही. काही भाग वनस्पती शोषतात, बाकीचा साचत जातो, त्यावर उपद्रवी शेवाळ माजते, आणि उष्ण समुद्राच्या निर्मळ पाण्यात वाढलेले प्रवाळ खंगू लागतात.

हे झाले शिलकीचे. तुटीचे प्रकरण निराळे. चॅलेंजर या संशोधक जहाजाने जगभरातून गोळा केलेल्या पाण्याचे विश्लेषण करून विल्यम डिटमारने 1884 साली असे सिद्ध केले की, समुद्राची क्षारता कोठे कमी, कोठे अधिक असली, तरी त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. पात्रात मात्र हे प्रमाण टिकत नाही, कारण दर लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम असलेले कॅल्शियम प्रवाळ आपल्या सांगाड्यासाठी अहोरात्र उचलत असतात. पाणी बदलताना नायट्रेटचा काही भाग बाहेर जातो आणि हे हरवलेले क्षार, थोडेबहुत का होईना, आत येतात. दाट वस्तीच्या पात्रात तेवढ्याने भागत नाही, तेथे कॅल्शियमची तरतूद वेगळी करावी लागते.